पिक्चरचा पल्ला

विमानाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते दूर बसलेल्या माणसाने पडद्यावर पाहायचं आणि त्यावरून विमान चालवायचं, ही कल्पना आजच्या ड्रोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९३४ साली आरसीए कंपनीतल्या व्लादिमीर झ्वोरिकिन यांनी टीव्हीचा डोळा बसवलेल्या उडत्या बॉम्बचा प्रस्ताव मांडला. दहा वर्षांनी अमेरिकन नौदलाने टीडीआर-१ ही बिनवैमानिकाची विमानं सॉलोमन बेटांच्या भागात जपानी ठिकाणांवर सोडली. त्यांच्या नाकात टीव्ही कॅमेरा होता आणि चालवणारा काही मैल मागे, अ‍ॅव्हेंजर विमानात, लहानशा पडद्यावर डोळे लावून बसलेला असे. पल्ल्याचा प्रश्न तेव्हाही होताच. चित्र घेणारा रिसीव्हरच हवेत उंच आणि विमानाच्या मागोमाग न्यायचा, हे त्यावरचं तेव्हाचं उत्तर.

हा विषय माझ्या जवळचा आहे, कारण माझी उमेदीची सगळी वर्षं चित्राच्या मागे गेली. सासवडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सिंहगडावरच्या टॉवरकडे अँटेना फिरवायची, खालून कुणीतरी ‘आलं, आलं’ ओरडेपर्यंत पाईप हातात धरून उभं राहायचं, हे काम मी तालुकाभर केलं. पुरंदरच्या आड बसलेल्या वाड्यांत लोक बूस्टर मागत. तो बूस्टर टीव्हीपाशी लावला तर चित्राबरोबर मुंग्याही वाढत. वर पाईपावर, अँटेनाच्या मुळाशी लावला तरच उपयोग होई. केबल आणि डिश आली, ते काम संपलं. मग पुतण्या आणि त्याचे मित्र फोमची विमानं घेऊन दुकानात आले. ‘काका, लांब गेलं की पिक्चर जातं.’ आजार माझ्या ओळखीचाच होता.

विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र पाहून उडवण्याच्या हौशी मंडळींच्या या खेळाला, म्हणजे एफपीव्हीला (फर्स्ट पर्सन व्ह्यू), खरा बहर आला तो २००० नंतरच्या दशकात, युरोप-अमेरिकेत. विमानासाठी खास बनवलेलं व्हिडिओचं सामान तेव्हा फारसं मिळत नसे. दुकान-गोदामांवर नजर ठेवायला विकले जाणारे २.४ गिगाहर्ट्‌झचे बिनतारी कॅमेरे लोक उचलत आणि विमानात चिकटवत. मल्टिप्लेक्सचं ईझीस्टार हे फोमचं विमान फार चालायचं, कारण पंखा मागे असल्याने नाकासमोर कॅमेऱ्याला काहीच आडवं येत नसे. रिमोट अमेरिकेत ७२ आणि युरोपात ३५ मेगाहर्ट्‌झवर चाले, त्यामुळे कंट्रोल आणि चित्र एकमेकांच्या वाटेत येत नसत.

२००६ च्या आसपास रिमोटच २.४ गिगाहर्ट्‌झवर येऊ लागले आणि घोळ सुरू झाला. विमानावरचा व्हिडिओ ट्रान्समीटर आणि रिमोटचा रिसीव्हर, दोघे एकाच पट्ट्यात, मध्ये वीतभर अंतर. ट्रान्समीटरच्या गोंगाटात रिसीव्हर बहिरा होई. मग दोन वाटा फुटल्या. जवळ उडवणाऱ्यांनी कंट्रोल २.४ वर ठेवून चित्र ५.८ वर नेलं. लांब जाणाऱ्यांनी कंट्रोल ४३३ मेगाहर्ट्‌झवर आणि चित्र १.३ गिगाहर्ट्‌झवर नेलं. दुसऱ्या वाटेतही काटा होताच: ४३३ ची तिप्पट १२९९, म्हणजे रिमोटची तिसरी हार्मोनिक थेट चित्रावर येऊन बसते. त्यासाठी रिमोटच्या ट्रान्समीटरला लो-पास फिल्टर लावणं आणि व्हिडिओ रिसीव्हर त्याच्यापासून लांब मांडणं हा रिवाज पडला.

या सगळ्या काळात नवख्यांची एक समजूत कायम राहिली, ती म्हणजे वॉट वाढवले की पल्ला वाढतो. वाढतो, पण फार महाग पडतो. अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई होते. २०० मिलिवॉटवर १ किलोमीटर मिळत असेल तर २ किलोमीटरला ८०० लागतात. वर ट्रान्समीटर तापतो, बॅटरी खातो आणि शेजारच्यांचं चित्र बिघडवतो. तोच दुप्पट पल्ला जमिनीवरची अँटेना ६ डेसिबलने चांगली केली की मिळतो, विमानावर एक ग्रॅमही न वाढवता. म्हणून माझं ठाम मत आहे की एफपीव्हीचा पल्ला वाढवला तो अँटेना बनवणाऱ्यांनी.

२०११ च्या सुमारास आलेली क्लोव्हरलीफ अँटेना हे त्यातलं सगळ्यात मोठं पाऊल. त्याआधी विमानावर सरळ काडी असे. विमान वळणाला कललं की काडीही कले, जमिनीवरची अँटेना उभीच राही आणि चित्र फाटे. शिवाय जमिनीवरून, इमारतींवरून परतलेल्या लहरी उशिरा येऊन मूळ लहरीला मारत. वर्तुळाकार ध्रुवीकरणाने दोन्ही दुखणी कमी केली. लहर मळसूत्रासारखी फिरत येते, तेव्हा विमान कललं तरी फरक पडत नाही. आणि परावर्तित झाली की उलटी फिरते, त्यामुळे रिसीव्हरची अँटेना तिला बरीचशी नाकारते. तत्त्व जुनंच होतं. हौशी लोकांनी ते घरी बनवता येईल असं करून मापं सगळ्यांना मोकळी दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

मी ती दुकानाच्या टेबलावर बनवतो. तांब्याचा मुलामा असलेली वेल्डिंगची तार घ्यायची. ५.८ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे ५२ मिलिमीटरची, म्हणून प्रत्येक पाकळीला तेवढीच तार. अशा ३ पाकळ्या, एकमेकींपासून १२० अंशांवर, प्रत्येक ४५ अंश कललेली. पाकळीचं एक टोक कोॲक्स केबलच्या मधल्या तारेला, दुसरं बाहेरच्या कवचाला डाग द्यायचं. कल कुठल्या बाजूला, त्यावर अँटेना डावी की उजवी ते ठरतं. विमानावर डावी आणि जमिनीवर उजवी लागली तर शंभरातला एक भागही हाती येत नाही. १.३ गिगाहर्ट्‌झला हीच तार २३ सेंटिमीटर होते. पल्ला जास्त, पण अँटेना सांभाळायला अवघड.

याच काळात राफाएल पिर्कर आणि त्यांच्या टीम ब्लॅकशीपने न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवती विमान फिरवलं आणि हा खेळ जगाला दिसला. सरकारलाही दिसला. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात केलेल्या उड्डाणाबद्दल अमेरिकेच्या विमान खात्याने पिर्कर यांना १०,००० डॉलर दंड ठोठावला. २०१५ मध्ये ते प्रकरण १,१०० डॉलरवर मिटलं. चित्र किती लांब येतं याच्या जोडीला विमान किती लांब न्यावं हा प्रश्न तेव्हापासून कायमचा आला.

२०१९ मध्ये डीजेआयची डिजिटल यंत्रणा आली आणि चित्र काचेसारखं स्वच्छ झालं. त्यात एक गोष्ट गमावलीही. ॲनालॉगमध्ये आधी बारीक मुंग्या येतात, मग रेघा, मग चित्र जातं. तेवढ्या वेळात उंची घेऊन विमान घराकडे वळवता येतं. डिजिटल चित्र चांगलं दिसता दिसता चौकोनांत फुटतं आणि गोठतं. त्यामुळे पडद्यावरचे सिग्नलचे आकडे वाचायची सवय आता जास्तच हवी.

आपल्याकडे ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने खासगी ड्रोन उडवण्यावर बंदी घातली. २०२१ च्या ड्रोन नियमांनी वाट मोकळी केली: ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, मात्र छंदाचं मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. मला हा नियम योग्य वाटतो. सह्याद्रीत एक टेकडी आड आली की कितीही वॉट असोत, चित्र जातं.

म्हणून दुकानात येणाऱ्या पोरांना मी सांगतो तेच इथे लिहितो. कंट्रोलचा पल्ला चित्राच्या पल्ल्याहून जास्त ठेवा. फेलसेफ, म्हणजे कंट्रोलचा सिग्नल तुटला तर विमानाने आपोआप काय करायचं ती सोय, जमिनीवर तपासल्याशिवाय विमान हातातून सोडू नका. चित्र दाखवणारा गॉगल घालून उडवणाऱ्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी विमान पाहणारा एक जण उभा करा. आणि मोठा ट्रान्समीटर विकत घेण्याआधी एक अँटेना स्वतःच्या हाताने बनवा.