सत्तेचाळिसाव्या वर्षी रणजी: पॅडी शिवलकर आणि वयाचा हिशेब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, म्हणजे विरार फास्टमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून उभे असणारे आपण सगळेच, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय क्रिकेटच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून करावी लागेल. वसई पश्चिमेला डिसेंबरात आठ-आठ ओव्हरची टेनिस बॉल टूर्नामेंट होती. टीम निवडायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी सॉफ्टवेअरवाला, आणि मला एक्सेल शीट बनवायची खाज. मागच्या तीन वर्षांचे स्कोअर भरले, बॉलिंगला मार्क, फिल्डिंगला मार्क, आणि एक कॉलम वयाचा. चाळिशीच्या पुढे गेलात की मार्क कापले जातील असा फॉर्म्युला. शीटने चौपन्न वर्षांच्या आमच्या एका काकांना बाहेर काढलं. डावखुरे स्पिनर, गेली पंधरा वर्षं टीममध्ये. ग्रुपवर चाळीस-पन्नास मेसेजची हाणामारी झाली. काकांनी मात्र फक्त अंगठा टाकला.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले. रागावलेले वगैरे काही नाही. म्हणाले, "पॅडीला सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईने रणजीत खेळवलं होतं, माहितीये ना रे तुला?" मी मान हलवली. खरं सांगतो, मला पॅडी कोण हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वसई ते चर्चगेट तेच वाचत गेलो.

तर पॅडी म्हणजे पद्माकर शिवलकर. जन्म १४ सप्टेंबर १९४०. शिवाजी पार्क जिमखान्याचे. विनू मांकड यांच्यासारख्याच्या नजरेत भरलेले डावखुरे स्पिनर. पहिला फर्स्ट क्लास सामना १९६१-६२ च्या मोसमात, शेवटचा १९८७-८८ च्या. एकूण १२४ सामने, ५८९ विकेट, सरासरी १९.६९. एका डावात पाच किंवा जास्त विकेट ४२ वेळा. आणि भारताकडून टेस्ट? शून्य.

ही १९.६९ सरासरी जरा बाजूला काढून बघा. बिशनसिंग बेदींची फर्स्ट क्लास सरासरी २१.६९. आता लगेच कोणी उड्या मारू नका. बेदींच्या आकड्यात टेस्ट मॅच आहेत, इंग्लंडमधलं काउंटी क्रिकेट आहे, त्यांच्या विकेट १५६० आहेत. तुलना सरळ होत नाही. पण एवढं तरी कळतं की आपण कुठल्या पातळीच्या माणसाबद्दल बोलतोय.

मुंबईच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना पॅडींची एकच मॅच सांगा म्हटलं तर ते चेपॉकला जातात. १९७२-७३ ची रणजी फायनल, मुंबई विरुद्ध तामिळनाडू, मद्रासला. कॅप्टन अजित वाडेकर. मुंबई ओळीने चौदा वेळा जिंकून आलेली. पहिल्या डावात मुंबई १५१ वर आउट. मद्रासमध्ये काय जल्लोष झाला असेल! आणि मग तामिळनाडू ८० वर आउट. शिवलकर १६ रन्समध्ये ८ विकेट. मुंबई दुसऱ्या डावात ११३, तामिळनाडू ६१. शिवलकर १८ रन्समध्ये ५. पाच दिवसांची फायनल तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच बॉलवर संपली, मुंबईचं सलग पंधरावं विजेतेपद. खेळपट्टी वळत होती, हे मान्य. पण ती दोन्ही टीमसाठी वळत होती, आणि समोरून वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार टाकत होते. ही दोघं काही साधीसुधी नव्हेत.

तेव्हा पॅडी बत्तीस वर्षांचे होते. मग टेस्ट का नाही? "बेदी होते म्हणून" हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे, आणि बऱ्याच अंशी खरं आहे. पण मी जसजशा तारखा ओळीने मांडत गेलो, तसतशी मला वेगळीच गंमत दिसायला लागली. गंमत म्हणजे, हसू येणारी नव्हे.

पॅडी विशी-पंचविशीत होते तेव्हा मुंबईच्याच टीममध्ये बापू नाडकर्णी होते. तेही डावखुरे स्पिनर, तेही भारताचे. म्हणजे तेव्हा पॅडी लहान. १९६६ च्या शेवटच्या दिवशी कलकत्त्याला बेदींची पहिली टेस्ट सुरू झाली. बेदी पॅडींपेक्षा सहा वर्षांनी लहान. पुढची तेरा वर्षं ती जागा त्यांची. बेदींची शेवटची टेस्ट १९७९ मध्ये ओव्हलला. त्यानंतर आठवडाभरातच ऑस्ट्रेलियाविरुद्ध मद्रासला नवा डावखुरा स्पिनर आला: दिलीप दोशी, वय एकतीस. त्यांनी पहिल्याच डावात ६ विकेट घेतल्या आणि पुढे ३३ टेस्टमध्ये ११४. एकतिसाव्या वर्षी सुरू करून! आणि दोशींची ती पहिली टेस्ट चालू होती त्याच आठवड्यात पॅडी एकोणचाळीस वर्षांचे झाले.

पुढचं ऐका. फेब्रुवारी १९८१. भारत न्यूझीलंडमध्ये. दोशी जखमी. मुंबईहून डावखुरा स्पिनर बोलवायचा ठरलं. अखेर मुंबईचा डावखुरा स्पिनर! फक्त ज्याला बोलावलं तो पॅडींच्याच मुंबई टीममधला अठरा वर्षांचा मुलगा होता, रवी शास्त्री. वेलिंग्टनला उतरला, पहिल्याच टेस्टमध्ये सहा विकेट घेऊन बसला, त्यात दुसऱ्या डावात चार बॉलमध्ये तीन.

इथे मला उगाच रडकं व्हायचं नाहीये. मी तेव्हा सिलेक्टर असतो तर मीही शास्त्रीलाच पाठवलं असतं. चाळीस वर्षांच्या माणसाला विमानात बसवून कोण नेणार? आणि शास्त्री पुढे ८० टेस्ट खेळले, म्हणजे निवड चुकली असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? प्रत्येक निर्णय त्या त्या दिवशी बरोबर दिसतो. सुटे सुटे बघितले तर सगळे बरोबर. ओळीने लावले की वीस वर्षांत एका माणसासाठी योग्य वय असं आलंच नाही.

बरं, "दोन डावखुरे स्पिनर एकत्र कसे खेळवणार?" हाही मुद्दा नेहमी येतो. पण भारताने ते केलं होतं की! साठच्या दशकाच्या सुरुवातीला सलीम दुराणी आणि नाडकर्णी एकत्र खेळले. १९६८ मध्ये न्यूझीलंडला नाडकर्णी आणि बेदी एकत्र खेळले. पण दुराणी आणि नाडकर्णी दोघांनाही बॅटिंग यायची. पॅडी तळाचे बॅट्समन. माझा अंदाज असा की खरी अडचण हात डावा असण्याची किंवा वय वाढण्याची नव्हतीच, ती ही होती. आपण आज ज्याला "थ्री-डी प्लेयर" म्हणून हसतो, तो हट्ट तेव्हाही होता. नाव वेगळं, एवढंच.

आणि ते एकटे नव्हते. हरियाणाचे राजिंदर गोयल, तेही डावखुरे स्पिनर, रणजीत ६३७ विकेट, टेस्ट शून्य. १९७४ मध्ये बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध बेदींना शिस्तभंगावरून बाहेर ठेवलं होतं. गोयल टीमसोबत होते, पण अकरात नाव आलं नाही. सुनील गावस्करांनी १९८३ मध्ये आपल्या आवडत्या खेळाडूंवर 'आयडॉल्स' हे पुस्तक लिहिलं, त्यात जगभरच्या दिग्गजांबरोबर एकही टेस्ट न खेळलेल्या या दोघांवर प्रकरणं आहेत.

आता काकांच्या सत्तेचाळीसवर येतो. १९८०-८१ च्या आसपास पॅडी रणजीतून बाजूला झाले असं सगळ्यांनी धरलं होतं. आणि १९८७-८८ ला मुंबईने त्यांना पुन्हा बोलावलं. सामने मोजकेच. पण त्याच मोसमात मुंबईने रणजीसाठी निवडलेल्या खेळाडूंमध्ये अजून एक नाव होतं, ज्याला त्या वर्षी अकरात जागा मिळाली नाही: सचिन तेंडुलकर, वय चौदा. एका मोसमात, एका शहराच्या यादीत, सत्तेचाळीस आणि चौदा. ही एंट्री माझ्या शीटमध्ये टाकली असती तर फॉर्म्युल्याने एरर दिली असती.

हे वेडेपण फक्त मुंबईचं नाही. १९२६ मध्ये ॲशेस अडकली होती तेव्हा इंग्लंडने ओव्हलच्या शेवटच्या टेस्टसाठी विल्फ्रेड ऱ्होड्सला परत आणलं. डावखुरा स्पिनर, वय अठ्ठेचाळीस. दुसऱ्या डावात ४४ रन्समध्ये ४ विकेट, आणि ॲशेस इंग्लंडकडे. आमचा क्लायंट अमेरिकेतला आहे. संध्याकाळच्या कॉलवर तिकडची मंडळी बेसबॉलमधल्या म्हाताऱ्या पिचरांवरून असंच भांडतात. मॅच सुरू करणारा पिचर सुमारे शंभर बॉल टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती. चाळिशीच्या माणसाला त्यासाठी कोट्यवधी डॉलर द्यायचे का, यावर ते स्टँड-अप मीटिंग लांबवतात. त्यांच्याकडे जेमी मॉयर नावाचा डावखुरा होता. वेग आधीपासूनच बेताचा, सगळी करामत अचूकपणाची. २०१२ मध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने मोठ्या लीगमध्ये मॅच जिंकली.

ऱ्होड्स, मॉयर, पॅडी, तिघेही डावखुरे आणि तिघेही वेगावर न जगणारे. खरी मेख इथे आहे. फास्ट बॉलरचं वय आणि स्पिनरचं वय हे दोन वेगळे आकडे आहेत. मुंबईचेच रमाकांत देसाई घ्या. एवढासा माणूस, जीव तोडून फास्ट टाकायचा. पहिली टेस्ट एकोणिसाव्या वर्षी, शेवटची अठ्ठाविसाव्या. पाठ, घोटे, गुडघे, सगळं त्या रन-अपमध्ये खर्च होतं. स्पिनरचं भांडवल बोटांत आणि डोक्यात. बॅट्समन पुढे यायच्या बेतात आहे का, मागच्या बॉलला त्याने पाय कुठे टाकला, हे पंचविसाव्या वर्षापेक्षा चाळिसाव्या वर्षी जास्त कळतं. पॅडी ज्या कांगा लीगमध्ये वाढले ती १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. ओली खेळपट्टी, गुडघ्याएवढं गवत, बॉल कधी थांबणार कधी उडणार सांगता येत नाही. तिथे जोर लावून उपयोग नसतो, टप्पा पाहिजे. टप्पा वयाने जात नाही.

जातं ते वेगळं. डाइव्ह जाते. बाउंड्रीवरून थ्रो जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पाठ बोलते. तरुण मुलाची जागा अडते, हा तर सगळ्यात खरा आक्षेप. मुंबईत मैदानाबाहेर नेहमीच एखादा चौदा वर्षांचा पोरगा उभा असतो. म्हणून ज्येष्ठ बॉलरची किंमत विचारायची तर बॉलिंग सोडून बाकी सगळं मोजलं जातं, आणि बॉलिंग जणू गृहीत.

माझ्या पिढीने हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. मार्च २०२४, वानखेडे, मुंबई विरुद्ध विदर्भ. धवल कुलकर्णी, पस्तीस वर्षांचा फास्ट बॉलर, शेवटची मॅच. पहिल्या डावात आपल्या पालघरच्या शार्दुल ठाकूरने, हो, तोच किट घेऊन लोकलने मुंबईला जाणारा, ७५ मारून मुंबईला २२४ पर्यंत नेलं. मग धवलने १५ रन्समध्ये ३ घेतल्या, विदर्भ १०५. शेवटच्या दिवशी एक विकेट बाकी असताना रहाणेने बॉल धवलच्या हातात दिला, आणि त्याने उमेश यादवला बोल्ड केलं. तोही छत्तीसचा! मी ऑफिसच्या कॉलवर म्यूट होतो. किंचाळलो तेव्हा म्यूटच होतो अशी आशा आहे.

पॅडींना २०१७ मध्ये बीसीसीआयचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला, गोयल यांच्याबरोबर. ३ मार्च २०२५ ला ते गेले, वय चौऱ्याऐंशी. त्या दिवशी काकांनी ग्रुपवर पॅडींचा एक जुना फोटो टाकला, खाली काही न लिहिता. या वेळी मला माणूस ओळखू आला.

टूर्नामेंटचं सांगायचं राहिलं. काकांशिवाय आम्ही दुसऱ्याच राउंडला बाहेर पडलो. ते असते तर जिंकलो असतो का? सांगता येत नाही, आणि मी तसा दावाही करणार नाही. पण शेवटच्या ओव्हरला अकरा रन्स वाचवायच्या होत्या, आणि मी ज्याच्या हातात बॉल दिला तो बावीस वर्षांचा पोरगा घामाने ओला होऊन माझ्याकडे बघत होता: "कुठे टाकू?" मला तरी कुठे माहीत होतं!

मे महिन्याच्या टूर्नामेंटसाठी मी काकांच्या घरी गेलो. चहा झाला. "१९८७ ला पॅडींना बघितलं होतं का तुम्ही?" असं विचारलं, तर म्हणाले, "कॉलेजात होतो रे, फक्त पेपरात स्कोअर वाचला होता." टीममध्ये यायला तयार झाले. अट एकच घातली, लाँग-ऑनला उभं करायचं नाही. शीटमधला वयाचा कॉलम मी काढलेला नाही, पण आता तो बॅट्समन आणि फास्ट बॉलरनाच लागतो. त्यावरून ग्रुपवर नवं भांडण सुरू झालंय, कारण आमचे ओपनर सेहेचाळीसचे आहेत.

तुमच्या गल्लीत असा एखादा बॉलर असेल तर त्याच्याबद्दल व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, नालासोपारा आलं, दारापाशी सरकायला हवं.