डोंगराचं नाव गेलं, टी.सी. नंबर राहिला

पोस्ट थोडी लांब आहे. पण आपल्या खाणपट्ट्यातल्या प्रत्येक घराशी संबंधित आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने खाणींचे लिलाव सुरू केले आणि आपल्या डिचोली तालुक्यात पुन्हा टिपरची भाषा ऐकू यायला लागली. जनसुनावण्या होतायत. मी पत्रकार म्हणून मागच्या बाकावर बसून वही भरतो. एक जण उठतो आणि म्हणतो, आमची रोजीरोटी परत द्या. दुसरा म्हणतो, आमचं पाणी परत द्या. दोघंही खरं बोलतात. बऱ्याचदा दोघं एकाच वाड्यावरचे, कधी कधी तर एकाच घरातले असतात.

अशाच एका सुनावणीत एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं, की वरच्या अंगाला बारमाही झर होती. पुढे बसलेल्या माणसाने शांतपणे विचारलं, 'पुरावा काय?' बाई गप्प बसली. सभागृहही गप्प. नकाशावर ती झर नव्हती. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्या डोंगरांचे कागद कोणी केले ते बघा. पोर्तुगीज सरकारने १९०६ साली खाणींचा कायदा केला. त्याखाली परवाना मिळाला, की तो जवळजवळ कायमचा. प्रत्येक परवान्याला 'टी.सी. नंबर' आणि साल. १९६१ ला गोवा मुक्त झाला, तरी हे परवाने चालूच राहिले. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून ते रद्द केले आणि त्यांना खाणपट्टे ठरवलं, तेही मागल्या तारखेने, म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून. मालक बदलले, सरकारं बदलली, फायली लिस्बनकडून दिल्लीकडे तोंड करून बसल्या. पण डोंगराची ओळख तीच राहिली : टी.सी. नंबर अमुक, साल अमुक.

गावाकडे मात्र त्याच डोंगराला नावं होती. एक नव्हे, अनेक. माझी आजी आमच्या गावचा डोंगर सांगायची तो असा : खाली धनगराचा मळा, त्याच्यावर देवाची राय, मग वाघबीळ आणि वाघबिळीच्या कुशीत थोरली झर. त्या झरीच्या पाण्यावर खाली वायंगण व्हायचं, म्हणजे पावसाळ्यातल्या सरदीनंतरचं दुसरं भात. उतारावर कुमेरी करायची, नाचणी आणि कुळीथ पेरायचा. कुडाला काट्या, चुलीला लाकडं, औषधाला मुळ्या, सगळं तिथूनच. आज वाघबीळ म्हणजे हवेतली जागा आहे. जिथे ती होती, तिथून आता समोरचा डंप दिसतो.

आणि हा डोंगर कोणी फोडला? आपणच. हे सांगायला लाजायचं कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोखंड उभं करायचं होतं. १९५० नंतर गोव्याचं खनिज तिकडे जायला लागलं. भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, त्या काळात खेड्यातल्या माणसाला रोकड मिळण्याची जागा म्हणजे खाण. आजी लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच वर्षी कामाला लागली. पुरुष पिकासाने खणायचे. बायका हातोडीने ढेकळं फोडायच्या, चांगला माल वेगळा काढायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत न्यायच्या. तिथून नदीच्या धक्क्यावर, मग बार्जमधून मांडवीने मुरगावला उभ्या असलेल्या बोटीपर्यंत. आजी म्हणायची, 'पुता, ती बोट मी कधी बघितली नाही. पण तिच्या पोटात माझ्या किती पाट्या गेल्या, ते देवाला ठाऊक.'

त्या बायकांची नावं कुठे आहेत? मस्टरवर असायची म्हणतात, पण कंत्राटदाराचं मस्टर कंत्राटदाराबरोबर गेलं. मशिनरी आली तेव्हा पहिल्यांदा घरी बसल्या त्या याच बायका. ना फंड, ना पेन्शन, ना एखादा कागद. गोव्याच्या इतिहासात खाणमालक सापडतात. आपले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते आणि त्यांच्या काळात गावोगावी उघडलेल्या मराठी शाळांत आपले आईबाप शिकले, हेही खरं. पण पाटी वाहणारी बाई त्या इतिहासात सापडत नाही.

पुढची पिढी माझ्या पपांची. ते ट्रकवर ड्रायव्हर. आमचं चिऱ्याचं घर त्या पगारातून झालं. माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोमाची फीसुद्धा तिथूनच आली. त्यामुळे खाण म्हणजे नुसता शाप असं कोणी म्हणालं, की मला ते पटत नाही.

मग आला चीन. २००० नंतर तिथे मागणी इतकी वाढली, की कमी लोहाचा जो माल आधी डंपवर टाकून द्यायचे, त्यालाही गिऱ्हाईक मिळालं. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ४ कोटी टनांहून अधिक खनिज जात होतं. पपांनी कर्ज काढून स्वतःचा टिपर घेतला. खेपांवर खेपा. रस्त्याकडेच्या घरांत ताटात धूळ पडायची, पण हप्ता वेळेवर जायचा.

एक टन माल काढायचा तर साधारण अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ही माती पावसात खाली येते आणि शेतात बसते. खंदक पाण्याच्या पातळीखाली गेला, की रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसायचं. मग आजूबाजूच्या विहिरी आटतात. आमची थोरली झर अशीच गेली. एका दिवसात नव्हे. आधी मे महिन्यात आटायला लागली, मग मार्चमध्ये, मग दिवाळीनंतरच. वायंगण कधी थांबलं, हे विचारलं तर गावात तीन जण तीन वेगळी सालं सांगतात. कारण कोणी लिहूनच ठेवलं नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला आणि राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर सगळं परत बंद. पपांचा टिपर अंगणात फणसाखाली उभा राहिला, टायर बसेपर्यंत. असे किती टिपर आपल्या वाड्यावाड्यांवर गंजले, ते तुम्हीच मोजा. मधल्या काळात, २०१७ मध्ये, सत्तरीतल्या सोनशीच्या लोकांनी धूळ आणि पाण्यासाठी ट्रक अडवले, तर चाळीसहून जास्त गावकरी तुरुंगात गेले. ही दोन्ही दुःखं आपलीच आहेत.

आता मुद्द्यावर येतो. हरवळ्याच्या गुहा, लामगावच्या गुहा यांना आपण वारसा म्हणतो, ते बरोबरच. पण झर, देवाची राय, पाटी, मस्टर, बार्जवरची नोकरी, हाही वारसा आहे. आणि आज तो नुसता आठवणीचा विषय राहिलेला नाही. उद्या सुनावणीत 'पुरावा काय?' विचारलं, की आपल्याकडे दाखवायला तेवढंच असणार आहे. खाण सुरू व्हावी असं तुम्हाला वाटत असो वा नसो, कुठे पाणी होतं, कोण कामाला होतं, कोणाचं शेत बुडालं, हे दोन्ही बाजूंना लागणार. ज्याच्याकडे लिहिलेलं आहे, त्याचंच खरं धरलं जातं.

म्हणून तीन कामं सांगतो. पैसे लागत नाहीत.

एक : घरात सत्तरीच्या पुढचं जे कोणी आहे, त्यांच्याजवळ बसा. डोंगरावरच्या जागांची नावं, झरी, तळ्या, पायवाटा विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करा, तारीख सांगून.

दोन : जुनी पगाराची पाकिटं, ओळखपत्रं, फोटो, ट्रकच्या खेपांच्या पावत्या फेकू नका. दसऱ्याच्या साफसफाईत अशी किती पोतडी जाळली जातात, ते मी बघितलंय.

तीन : जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या पंचायतीत ती वही कुठल्या कपाटात आहे ते विचारा. तुमच्या झरीचं, रायेचं नाव त्यात आहे का बघा. नसेल तर ग्रामसभेत अर्ज देऊन घालायला लावा. सही-शिक्क्याची प्रत घ्या.

आजी गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिने सांगितलेलं मी वहीत उतरवलं होतं, म्हणून आज चार नावं तरी लिहू शकलो. आमच्या वाड्यावर अजून पाच म्हातारी माणसं आहेत. या रविवारपासून मी त्यांच्याकडे जायला सुरुवात करतोय. तुमच्या गावच्या डोंगराची नावं खाली कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट. मी ती एकत्र करून परत इथेच टाकीन.