पुन्हां धांवेकडे



ज्येष्ठ सरून आषाढ लागण्याच्या सुमारास बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतून जो कोणी गेला असेल, त्यानें एक देखावा खचित पाहिला असेल. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीस येते. तेथें मेंढ्यांचें रिंगण होतें. पुढें बेलवाडीस आणि इंदापुरास गोल रिंगण होतें. खांद्यावर पताका घेतलेले वारकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया, गळ्यांत वीणा अडकविलेले विणेकरी असे सारे पालखीभोंवतीं धांवतात आणि मग अश्व धांवतो. या धांवेंत कोणी पहिला येत नाहीं, कोणी शेवटचा राहत नाहीं. आणि कोणाच्याहि हातांत घड्याळ नसतें.

याच मुलखानें धांवेचें दुसरेंहि रूप पाहिलें आहे. सन २०१३ मध्यें बारामतीच्या मॅरेथॉनमध्यें वडीलधाऱ्यांसाठीं तीन किलोमीटरची शर्यत होती. साठी ओलांडलेल्या लताबाई करे तींत उतरल्या. पायांत कांहीं नाहीं, अंगावर नऊवारी लुगडें, आणि घरीं पति आजारी. त्यांच्या तपासणीला पैसे हवे होते आणि शर्यतीला बक्षीस होतें, एवढाच त्यांचा हिशेब. त्या पहिल्या आल्या. पुढें त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यांत त्यांनीं स्वतःचीच भूमिका केली, आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. ही धांव भक्तीची नव्हती आणि हौसेची तर नव्हतीच. ती गरजेची होती.

गरजेपोटीं धांवणारे या भागांत आजहि पुष्कळ आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर पहाटेच्या अंधारांत तरुण मुलें-मुली धांवतांना दिसतात. पोलीस भरतींत पुरुषांना सोळाशें मीटर व स्त्रियांना आठशें मीटर धांवावें लागतें. मैदानी चाचणीच्या पन्नास गुणांपैकीं वीस गुण एकट्या या धांवेचे असतात. सैन्याच्या भरतींतहि धांव आहेच. जिरायत रानाच्या घरांतील मुलाला ही धांव म्हणजे पगाराची वाट असते. अशा मुलाची नडगी दुखूं लागली, घोटा मुरगळला किंवा गुडघ्यानें दगा दिला, म्हणजे काय होतें? शहरांतील हौशी माणूस महिनाभर घरीं बसूं शकतो. या मुलाच्या डोक्यावर मात्र भरतीची तारीख आणि वयाची मर्यादा टांगलेली असते. म्हणून तो दुखणें लपवितो आणि धांवत राहतो. दुखापतीनंतर धांवेकडे परत कसें यावें आणि पुढचें लक्ष्य कोणतें ठेवावें, हा प्रश्न म्हणूनच केवळ क्रीडेचा नाहीं. त्याचा उलगडा करण्यासाठीं आपण आज थोडें इतिहासांत डोकावूं.

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या धांवेला घड्याळ कसें चिकटलें, येथून आरंभ करूं. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती होत. त्यांत अनवाणी धांवणारे खेड्यांतील तरुण असत. त्यांच्या वेळा युरोपांतील धांवपटूंच्या वेळांपासून फारशा दूर नाहींत, ही गोष्ट सर दोराबजी टाटा यांच्या ध्यानीं आली आणि त्यांतून सन १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिकसाठीं हिंदी खेळाडूंचें पथक उभें राहिलें. त्या पथकांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पच्या मॅरेथॉनचा मार्ग ४२ किलोमीटर ७५० मीटरांचा, म्हणजे आजच्या नियमापेक्षांहि लांब होता. चौगुले तो २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत धांवून एकोणिसावे आले.

ही अभिमानाची गोष्ट आहे यांत शंका नाहीं. परंतु तेव्हांपासून आपल्या धांवपटूच्या मनांत एक आंकडाहि कायमचा बसला. पाय धड आहे तोंवर तो आंकडा मनुष्याला पुढें ओढतो. पाय दुखावला म्हणजे तोच आंकडा त्याचा वैरी होतो; कारण अंथरुणावर पडलेला धांवपटू आजच्या पायाचा विचार करीत नाहीं, तो गेल्या वर्षीच्या वेळेचा विचार करतो.

त्यांतच थोर धांवपटूंच्या कथा त्याच्या कानावर येतात. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक सन १९५६ मध्यें हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर थोड्याच काळानें मेलबर्नची मॅरेथॉन धांवला. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचें आंत्रपुच्छ काढून सहा आठवडेहि झाले नव्हते, तों त्यानें सन १९६४ मध्यें टोकिओची मॅरेथॉन २ तास १२ मिनिटें ११ सेकंद अशा वेळांत जिंकली. अमेरिकेच्या जोन बेनॉइट हिच्या गुडघ्यावर एप्रिल १९८४ मध्यें दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली आणि सतराव्या दिवशीं ती ऑलिंपिक निवडीची मॅरेथॉन पहिली आली. या कथा ऐकून सामान्य धांवपटू म्हणतो कीं, मन खंबीर असलें म्हणजे झालें!

मला वाटतें, या कथांचा आपण अर्धाच भाग ऐकतों. बिकिलाचें दुखणें पोटाचें होतें. ज्या हाडांवर आणि स्नायूंवर तो धांवला, तीं दुखावलेलीं नव्हतीं. झाटोपेक मेलबर्नला सहावा आला. सन १९५२ मध्यें हेलसिंकीला हीच शर्यत त्यानें २ तास २३ मिनिटांत जिंकली होती. मेलबर्नला त्याला सहा मिनिटांहून अधिक वेळ जास्त लागला. जगज्जेत्यानें सहाव्या क्रमांकानें धांव पुरी केली, यांत त्याचें खरें मोठेपण आहे. आणि बेनॉइटला त्या दिवशीं विक्रम करावयाचा नव्हता. पहिल्या तिघींत येणें तिला पुरेसें होतें. २ तास ३१ मिनिटांत ती धांव तिनें पार पाडली, आणि तिची खरी वेळ ऑगस्टमध्यें लॉस एंजेलिसला आली. तेथें २ तास २४ मिनिटें ५२ सेकंदांत धांवून, स्त्रियांसाठीं प्रथमच ठेवलेल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचें सुवर्णपदक तिनें मिळविलें. आधीं लहान लक्ष्य आणि मग मोठें, हा क्रम तिच्या कथेंतहि आहेच. आपण केवळ त्याकडे लक्ष देत नाहीं.

हा क्रम अधिक स्पष्ट पाहावयाचा असेल, तर इंदापूरपासून फार दूर जावयास नको. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचा अविनाश साबळे याचें उदाहरण घ्या. शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यांत महार रेजिमेंटमध्यें शिरला आणि सियाचीनच्या थंडींत व राजस्थानच्या उन्हांत त्यानें नोकरी केली. पुढें तो तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे, म्हणजे स्टीपलचेसकडे, वळला. या शर्यतींत अठ्ठावीस वेळां अडथळा आणि सात वेळां पाणी ओलांडावें लागतें. प्रत्येक उडीनंतर सारा भार एका पायावर येतो. घोटा व गुडघा यांची ती कसोटीच असते.

सन २०१८ मध्यें जकार्ता येथें आशियाई क्रीडास्पर्धा होत्या. घोट्याच्या दुखापतीमुळें साबळे यांस तेथें जातां आलें नाहीं. चार वर्षांनीं येणारी संधि हुकली म्हणजे तरुण मन कसें कोलमडतें, तें सांगावयास नको. परंतु त्याच वर्षीं सप्टेंबरांत भुवनेश्वरला राष्ट्रीय खुली स्पर्धा होती. ती जकार्त्याहून लहान, पण आवांक्यांतली होती. तेथें ते ८ मिनिटें २९.८० सेकंदांत धांवले आणि गोपाळ सैनी यांचा सन १९८१ पासून टिकलेला ८ मिनिटें ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. अंतर केवळ एका सेकंदाहून किंचित् अधिक होतें. पण सदतीस वर्षें तें कोणाला ओलांडतां आलें नव्हतें.

त्यानंतर पायरीपायरीनें मजल पुढें गेली. सन २०२२ मध्यें बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. सुवर्ण अवघ्या पांच शतांश सेकंदानें हुकलें. सन २०२३ मध्यें हांगचौ येथें, ज्या आशियाई स्पर्धेनें पांच वर्षांपूर्वीं हुलकावणी दिली होती, तिचेंच सुवर्णपदक त्यांच्या गळ्यांत पडलें. जुलै २०२४ मध्यें पॅरिसला त्यांनीं ८ मिनिटें ९.९१ सेकंदांचा विक्रम केला. म्हणजे भुवनेश्वरच्या धांवेहून सुमारें वीस सेकंद कमी! आणि मग जुलै २०२५ मध्यें मोनाकोच्या शर्यतींत ते पाण्याच्या अडथळ्याजवळ पडले. गुडघ्याचा आंतील अस्थिबंध आणि त्याजवळची कूर्चा दुखावली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हातची गेली. शिखरावरचा मनुष्य पुन्हां पायथ्याशीं येतो, तो असा.

हा गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यावर जो नवा बंध बसवितात, तो शरीराशीं एकरूप व्हावयास बरेच महिने लागतात. नॉर्वे व अमेरिका येथील संशोधकांनीं सन २०१६ मध्यें गुडघ्याच्या अशा रुग्णांविषयीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, झटकन् वळण्याउडण्याच्या खेळांकडे परत जाण्याचें जितकें लांबवावें, तितका पुन्हां दुखापत होण्याचा संभव, नऊ महिन्यांपर्यंत, महिन्यागणिक सुमारें निम्म्यानें कमी होत गेला. नडगीच्या हाडाला अतिश्रमानें सूक्ष्म तडा गेला असेल, तर त्यालाहि बहुधा सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. येथें एक फसगत होते, ती नीट समजून घेतली पाहिजे. विश्रांतीनंतर धांवूं लागलें म्हणजे छाती लवकर तयार होते. दोन-तीन आठवड्यांत दम पुरूं लागतो. हाडें, बंध आणि स्नायूंचे कंडर मात्र सावकाश तयार होतात. छाती म्हणते "चल", आणि पाय म्हणतो "थांब". तरुण मनुष्य छातीचें ऐकतो आणि पुन्हां अंथरुण धरतो.

यावरून परत येणाऱ्या धांवपटूनें लक्ष्यें कशीं ठेवावींत, याचा एक सरळ क्रम हातीं लागतो. पहिलें लक्ष्य, न दुखतां चालणें. अर्धा-पाऊण तास झपाट्यानें चालून दुसऱ्या सकाळींहि पाय कुरकुरला नाहीं, म्हणजे चालण्यांत थोडें थोडें धांवणें मिसळावें. दुसरें लक्ष्य, शर्यतीच्या आरंभरेषेवर निरोगी पायानें उभें राहणें. तिसरें, ती शर्यत घड्याळाकडे न पाहतां पुरी करणें. आणि ही शर्यत आपल्या नेहमींच्या पल्ल्याहून लहान असावी. जुन्या वेळेचें नांव घ्यावयाचें तें याच्यानंतर. मध्येंच दुखूं लागलें, तर एक पायरी खालीं उतरावें. उतरण्यांत नामुष्की नाहीं. आणि दुखणें कोणतें आहे तें वैद्यकीय तपासणीनें कळल्यावांचून यांतली एकहि पायरी चढूं नये. हळदीचा लेप आणि शेक यांनीं ठणका निवतो, पण हाडाला गेलेला तडा त्यांनीं दिसत नाहीं.

"परंतु भरतीची तारीख आमच्यासाठीं थांबत नाहीं," असें कालव्यावरचा मुलगा म्हणेल. आणि त्याचें म्हणणें खोटें नाहीं. त्याला माझें उत्तर इतकेंच, कीं एक भरती हुकली तर बहुधा दुसरी येते; परंतु अर्धवट बऱ्या पायानें धांवून तो कायमचा अधू झाला, तर पुढची प्रत्येक भरती हुकते. मात्र हा हिशेब त्यानें एकट्यानें करावा, अशी अपेक्षा आपण ठेवूं नये. घरच्यांनीं रोज "केव्हां धांवणार?" असें विचारणें सोडलें पाहिजे. शिकविणाऱ्यांनीं दुखणें सांगणाऱ्या मुलाला भित्रा म्हणणें सोडलें पाहिजे. शहरांत राहणाऱ्या आपणांपैकीं ज्यांचे भाचे-पुतणे गांवीं अशी तयारी करीत असतील, त्यांनीं बुटांच्या पैशांबरोबर एका चांगल्या तपासणीचेहि पैसे द्यावेत. बारामतीच्या त्या माउलीला पतीच्या तपासणीसाठीं उतारवयांत धांवावें लागलें. आपल्या मुलांवर स्वतःच्या तपासणीअभावीं पाय गमावण्याची पाळी येऊं नये.

आरंभीं ज्या वारीचा उल्लेख केला, तिच्यांतील एक गोष्ट सांगून आपली रजा घेतों. पालखी देहूहून निघते ती पंढरपुरास एका दमांत पोहोंचत नाहीं. बारामतीस मुक्काम होतो, सणसरला होतो, अंथुर्ण्यास होतो, निमगांव केतकीस होतो, इंदापुरास होतो. रात्रीं तळ पडतो, सुजलेल्या पायांना तेल लागतें, सकाळीं पुन्हां वाटचाल सुरू होते. या मुक्कामांमुळें वारीचे दिवस फुकट गेले, असें आजवर कोणा वारकऱ्यानें म्हटलेलें मीं ऐकलें नाहीं. दुखावलेल्या धांवपटूनेंहि आपल्या विश्रांतीचे दिवस वाटेवरचेच दिवस म्हणून मोजावेत.