खुर्चीत बसलेला माणूस

परवा रविवारी मामा आमच्याकडे नेरूळला जेवायला आला होता. जेवणं झाली, सगळे हॉलमध्ये पसरलो. माझा मुलगा मोबाइलवर काहीतरी वाचता वाचता एकदम म्हणाला, "मामाआजोबा, तुम्ही ज्या आदित्य मेहताचं एवढं कौतुक सांगता ना, तो फायनल ५-० हरला होता! एक फ्रेम नाही जिंकला. म्हणजे खेळलाच नाही की!"

मामाने बडीशेप तोंडात टाकली आणि शांतपणे म्हणाला, "अरे, खेळायला आधी टेबलपाशी जायला मिळावं लागतं."

मुलाला काही कळलं नाही. मलाही कळायला बरीच वर्षं लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्नूकर हा फार विचित्र खेळ आहे. क्रिकेटमध्ये समोरच्याने शतक ठोकलं तरी तुम्ही निदान चेंडू तरी टाकत असता. टेनिसमध्ये हरतानाही धावता येतं. स्नूकरमध्ये समोरच्याची खेळी चालू असेपर्यंत तुम्ही खुर्चीत. हातात काठी, शेजारी पाण्याचा ग्लास, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही! १५ लाल चेंडू, प्रत्येक लालनंतर काळा घेतला तर १५ गुणिले ८, म्हणजे १२०. शेवटच्या सहा रंगांचे २७. झाले १४७. एका माणसाने हे सगळं एका दमात केलं, तर दुसरा त्या फ्रेममध्ये फक्त बघत असतो.

आता त्या ५-० बद्दल. ऑक्टोबर २०१३ मध्ये दिल्लीला पहिली इंडियन ओपन झाली. जागतिक क्रमवारीचे गुण देणारी व्यावसायिक स्नूकर स्पर्धा भारतात पहिल्यांदाच होत होती. गंमत बघा, हा खेळ जन्मला आपल्याकडे! १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलवर रंगीत चेंडू वाढवले. (हा पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन नव्हे.) मग उटीच्या क्लबात नियम पक्के झाले. त्या जबलपूरपासून या दिल्लीपर्यंत यायला खेळाला जवळजवळ १३८ वर्षं लागली.

मधल्या काळात आपल्याकडे माणसं नव्हती असं नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. मुंबईचे मायकेल फरेरा तर तीनदा. मुंबईचाच यासिन मर्चंट १९८९ मध्ये स्नूकरचा आशियाई विजेता झाला आणि पुढे व्यावसायिक खेळायला गेला. पण व्यावसायिक स्पर्धा बहुतेक सगळ्या ब्रिटनमध्ये. घरदार सोडून तिकडे राहायचं, थंडीत सराव करायचा, पहिल्या फेरीत हरायचं आणि पुन्हा पुढच्या गावाला जायचं. पंकज अडवाणीसारख्या माणसानेही २०१२ ते २०१४ अशी दोनच वर्षं हे केलं आणि तो परत आला.

अशा वेळी दिल्लीत आपल्या मुंबईचा आदित्य मेहता एकामागून एक सामने जिंकत फायनलला गेला. हरवलं कुणाला, तर पीटर एब्डन, मार्क विल्यम्स, स्टीफन मॅग्वायर. यातले पहिले दोघे जगज्जेते! क्रमवारीच्या स्पर्धेच्या फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय.

त्या दिवशी मी बेलापूरच्या ऑफिसात होतो. मामाकडे तेव्हा इंटरनेट नव्हतं. तो दर फ्रेमनंतर फोन करायचा, "किती झालं?" मी सांगायचो १-०, मग २-०, ३-०, ४-०. पाचव्यांदा फोन आला नाही.

समोर होता चीनचा डिंग जुनहुई. तेव्हा तो इतका भरात होता की महिनाभर आधी शांघाय जिंकून आला होता, आणि दिल्लीनंतर लगेच पुढचीही स्पर्धा जिंकला. सलग तीन! त्या मोसमात त्याने क्रमवारीच्या पाच स्पर्धा जिंकून हेंड्रीच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्याच्यापुढे ५-० म्हणजे लाज नव्हे.

पण मला वाटतं खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. डिंग २००५ मध्ये, जेमतेम १८ वर्षांचा असताना, बीजिंगमध्ये घरच्या प्रेक्षकांपुढे हेंड्रीला फायनलला हरवून गेला. त्यानंतर चीनमध्ये स्पर्धा वाढत गेल्या आणि पोरं टेबलभोवती जमली. आपली इंडियन ओपन बघा. २०१३ दिल्ली, २०१५ मुंबई, २०१६ हैदराबाद, २०१७ विशाखापट्टणम, २०१९ कोची. पाच स्पर्धा, पाच गावं. नवी मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहिलेल्यांना हे बरोबर समजेल. दरवेळी नवीन बिऱ्हाड, ओळखी होईपर्यंत सामान बांधायची वेळ. कोचीनंतर तर ते बिऱ्हाड मोडलंच.

मुंबईला झाली ती मार्च २०१५ मध्ये, ग्रँड हयात हॉटेलात. वेल्सच्या मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला हरवलं. आणि स्कोअर? पुन्हा ५-०! नऊ वर्षांचा असताना स्पर्धेत शतकी ब्रेक करणारा हा मुलगा, पण क्रमवारीची पहिली स्पर्धा जिंकायला त्याला २३ वर्षांचा व्हावं लागलं. म्हणजे तोही बरीच वर्षं खुर्चीत बसलेलाच की. नेरूळहून सांताक्रूझ दीड तास. आम्ही गेलो नाही. कुणाला गुडघा, कुणाला रजा. आता चुटपुट लागते.

मेहताने मात्र खुर्चीचा हिशेब एकदा चुकता केला. २०१४ मध्ये जर्मनीत त्याने १४७ चा ब्रेक केला, व्यावसायिक स्पर्धेत तो करणारा पहिला भारतीय. त्या फ्रेमला दुसरा कुणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन बसला होता.

हे सगळं मी मुलाला सांगत होतो तेव्हा मामा मध्येच म्हणाला, "खुर्ची तरी असते रे त्यांना."

आणि मग जे आईने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं ते त्याने सांगितलं. आम्हाला एवढंच माहीत की लग्नाआधी मामा 'एका क्लबात नोकरीला' होता. तो तिथे मार्कर होता. साहेब लोक खेळायचे, हा भिंतीशी उभा राहून गुण मांडायचा, चेंडू परत जागेवर लावायचा, खडू द्यायचा. रात्री मेंबर गेले की दिवे बंद करायच्या आधी म्हातारा हेड मार्कर त्याला अर्धा तास खेळू द्यायचा. दोन वर्षं. मग कारकुनाची नोकरी लागली, आजोबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि घरात तो विषय संपला.

"चांगला खेळायचास का?" मी विचारलं.

"कोण जाणे. समोर खेळायला कोणी नसायचंच ना."

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाशीला एक पार्लर आहे. शनिवारी जाऊया?" मामाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण संध्याकाळी निघताना चपला घालत विचारलं, "किती वाजता उघडतं ते?"

असो. २०१५ ची ती फायनल तुमच्यापैकी कुणी तिथे बसून पाहिली असेल तर जरूर लिहा. मामाला वाचून दाखवीन.