कानांनी पाहिलेले सिनेमे

आमचे आबा सिनेमा बघून घरी आले की हिरो कसा दिसत होता हे कधी सांगायचे नाहीत. कसा बोलत होता ते सांगायचे. दारात चपला काढताना एखादं वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवायचे, त्यातला एखादा शब्द परत म्हणून बघायचे आणि मग पाय धुवायला जायचे. आजी आतून विचारायची, "काय, कसा होता?" तर उत्तर यायचं, "आवाज चांगला लावला त्यानं." एवढ्या उत्तरातच आजीला कळायचं की हा सिनेमा अजून दोनदा बघितला जाणार.

मला लहानपणी याचं नवल वाटायचं. मोठेपणी कारण उमगलं. आबा १९२७ सालचे. गुलमंडीजवळच्या वाड्यात जन्मले तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं आणि राज्य निजामाचं. खिशातले पैसेसुद्धा हाली शिक्क्याचे. घरात मराठी, देव्हाऱ्यापुढे संस्कृत स्तोत्रं, आणि शाळेत सगळं उर्दूतून. इतिहास उर्दू, भूगोल उर्दू, भूमितीची प्रमेयंसुद्धा उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीच उर्दू माध्यमातून सुरू झालेलं. वरचं शिक्षण ज्या भाषेत, त्याच भाषेसाठी खालच्या शाळा मुलं घडवत होत्या. 'ज' कुठला आणि 'ज़' कुठला, 'ख' घशातून कधी काढायचा, हे आबांना सातवीत छडी खाऊन कळलं होतं. असा कान तयार झालेला मुलगा अंधारात बसला की आधी ऐकणारच.

त्यांच्याच वर्गात एक मुलगा होता, ज्याला पुढे आम्ही घड्याळवाले चाचा म्हणायला लागलो. शहागंजच्या घंटाघराच्या सावलीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे, समोर उघडं पडलेलं घड्याळ, आणि स्टुलावर आबा. या दोघांचं सिनेमावरचं भांडण सुरू झालं १९३९ साली, 'पुकार'पासून. सोहराब मोदींचा संग्रामसिंह मोठा की चंद्रमोहनचा जहांगीर? आबा मोदींच्या बाजूचे. चाचा म्हणायचे, "मोदी तो गरजता है, चंद्रमोहन सोचता है." बारा वर्षांच्या पोरांनी वाड्याच्या ओसरीवर दरबार भरवला होता. चाचा जहांगीर, आबा संग्रामसिंह, आणि इन्साफाची घंटा म्हणून विहिरीचा रहाट. आजोबा होईपर्यंत ते त्या रहाटाची गोष्ट सांगत राहिले.

मोदींबद्दल आबा एक आख्यायिका नेहमी सांगत. स्वतःच्याच सिनेमाच्या खेळाला मोदी थेटरात बसले होते. शेजारचा माणूस डोळे मिटून बसलेला. त्यांना वाईट वाटलं; याला सिनेमा आवडलेला नाही, याचे पैसे परत करा, असं त्यांनी सांगितलं. तर तो माणूस अंध निघाला. तो फक्त मोदींचा आवाज ऐकायला आला होता. गोष्ट सांगून झाली की आबा म्हणत, "बघ, पिक्चरला डोळे लागत नाहीत."

आजीला हे मान्य नव्हतं. आजी पैठणची. तिला अक्षरओळख सासरी आल्यावर झाली, उर्दूचा गंध नव्हता. लहानपणी नाथषष्ठीच्या जत्रेत तंबूतला सिनेमा तिनं पाहिला, तोही पडद्याआड बायकांत बसून. तिच्या आठवणीत दोन सिनेमे कायम शेजारी शेजारी असायचे. एक 'धर्मात्मा', दुसरा 'संत तुकाराम'. दोन्ही प्रभातचे, पहिला १९३५चा, दुसरा १९३६चा. 'धर्मात्मा' म्हणजे साक्षात पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट. त्याचं नाव आधी 'महात्मा' होतं, पण त्यात गांधीजींचा भास होतो म्हणून सेन्सॉरनं बदलायला लावलं. नाथांची भूमिका केली होती बालगंधर्वांनी. पैठणच्या बायकांना केवढा आनंद व्हायला हवा होता! पण आजी सांगायची, "गाणं असं, की डोळे भरून यावेत. पण आमच्या नाथांच्या अंगात ते काही आले नाहीत. हात उचलला की बाईचा हात वाटायचा."

मला आजीचं हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं, कारण ते अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं 'तुकाराम'मध्ये सापडतं. त्यात तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीससुद्धा बालगंधर्वांसारखेच तरुणपणी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत असत. तोच मऊपणा त्यांच्याही अंगात होता. पण दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तो झाकला नाही. त्याचं त्यांनी भक्तीत रूपांतर करून घेतलं. पागनीसांचा तुकोबा मान किंचित झुकवून चालतो, बोलताना आवाज चढवत नाही, आणि त्यांची ती नजर कुणाकडे पाहते आहे याचा पत्ता समोरच्याला लागत नाही. एका नटाला जे आडवं आलं, त्यावरच दुसरा नट तरून गेला. त्या सिनेमातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी नव्यानं लिहिलेला आहे; पण पागनीसांच्या तोंडून तो इतका खरा वाटला की पुष्कळांनी तो तुकोबांचाच धरून चालवला. मुंबईला सेंट्रल सिनेमात हा चित्रपट पन्नासहून जास्त आठवडे चालला, आणि १९३७च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आणि ठाऊक असतं तरी तिला फरक पडला नसता, कारण तिची आवडती होती गौरी. तुकोबांची जिजाई. देवळात शिरून विठोबावर पायताण उगारणारी. आजी तो प्रसंग उभं राहून करून दाखवायची, पदर कमरेला खोचून. म्हणायची, "तुकाराम सगळ्यांना दिसतो रे. घरात पीठ नाही हे तिलाच दिसतं." शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि जिजाई मागे राहते, स्वयंपाकाच्या कामात गुंतलेली. या जागी आजीचा आवाज बदलायचा. माझ्या मते भारतीय पडद्यावर इतकी खरी बाई फार थोड्या वेळा आली आहे, आणि ती एखाद्या नामवंत नटीनं नाही तर गौरीनं आणली.

आबा-चाचांची कथा आणखी एका प्रभातपटाशी अडकलेली आहे. १९४१चा 'शेजारी'. हिंदीत 'पडोसी'. शांतारामबापूंचा प्रभातमधला हा शेवटचा चित्रपट. गावातला हिंदू म्हातारा आणि मुसलमान म्हातारा, बुद्धिबळाच्या पटावर बसलेले, जिवाला जीव देणारे. आणि धरणाच्या ठेकेदारीत त्यांच्यात पाचर मारली जाते. मराठीत केशवराव दाते जिवबा, गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीत मिर्झा जागीरदारच, पण हिंदू ठाकूर मात्र मझहर खान. म्हणजे हिंदू नटानं मुसलमान व्हायचं आणि मुसलमान नटानं हिंदू. आबांनी 'पडोसी' आधी पाहिला, 'शेजारी' नंतर. जागीरदारांच्या उर्दूवर चाचा बेहद्द खूश. आबा म्हणायचे, "मराठी माणसानं एवढी साफ जबान लावली, मला छाती फुगवून बाहेर यावंसं वाटलं." तर चाचा म्हणत की मझहर खानच्या ठाकूरच्या बसण्यात, पागोटं सावरण्यात आमच्या गल्लीतला पाटील होता. प्रत्येकजण दुसऱ्याच्या नटाचं कौतुक करत होता, हे आज लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

सात वर्षांनी १९४८ उजाडलं. आधी रझाकारांचे महिने, मग सप्टेंबरमधली पोलीस ॲक्शन आणि त्यानंतरचे दिवस. आधी आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा बंद राहिला, नंतर चाचांच्या घराचा. त्या काळाबद्दल दोघंही बोलायचे नाहीत. आबांना मी एकदाच विचारलं. म्हणाले, "त्या साली आम्ही पिक्चर बघितला नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "नंतर त्यानं माझं बंद पडलेलं घड्याळ घरी आणून दिलं. पैसे घेतले नाहीत."

'मुघल-ए-आझम' मुंबईला मराठा मंदिरमध्ये लागला ५ ऑगस्ट १९६०ला. महाराष्ट्र होऊन तीनच महिने झाले होते. आमच्याकडे तो यायला वेळ लागला. आबांना धीर निघेना. मनमाडपर्यंत मीटर गेज, तिथून मोठी गाडी, असं करत दोघं मुंबईला गेले. नातेवाइकाच्या लग्नाचं कारण सांगितलं होतं. लग्नात ते जेमतेम अक्षतांपुरते उभे राहिले.

त्या सिनेमावरचा वाद मी स्वतः शेकडो वेळा ऐकला आहे. चाचांचा अकबर, आबांचा सलीम. पृथ्वीराज कपूर खर्जातून एकेक शब्द असा ठेवतात, की दगडाच्या चिऱ्यावर चिरा. दिलीपकुमार बोलता बोलता आवाज खाली आणतो, इतका खाली की मागच्या बाकावरच्यानं पुढे झुकावं. आबांचं म्हणणं, बापासमोर आवाज खाली आणणारा मुलगा ओरडणाऱ्यापेक्षा जास्त बंडखोर असतो. आता मी पोरांचा बाप झाल्यावर त्यांचं बरोबर होतं असं वाटतं. पण दोघांचंही एकमत एका नावावर होतं, ते म्हणजे दुर्गाबाई खोटे. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'तली तारामती आता जोधाबाई झाली होती, नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी. तिच्या उर्दूत दरबार होता आणि काळजी मात्र आपल्या घरातली. चाचा म्हणायचे, "मराठी अम्मी है, मगर ज़बान में कंकर नहीं."

जबानमधल्या खड्यांवरून आबांना लतादीदींची हकीकत आठवायची. दिलीपकुमारनं एकदा म्हटलं की मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लताबाईंना लागलं, पण रुसून न बसता त्यांनी उर्दूची शिकवणी लावली. ही हकीकत लताबाईंनी स्वतः सांगितलेली. आबा ती आम्हा नातवंडांना शुद्धलेखनाच्या वहीसमोर बसवून सांगत.

आत्याचं मात्र या शुद्ध जबानशी पटायचं नाही. ती १९७४ला कॉलेजात होती. तिनं श्याम बेनेगलांचा 'अंकुर' पाहिला आणि घरी येऊन जाहीर केलं की आजवरचे तुमचे सगळे बादशहा एकीकडे आणि शबाना आझमीची लक्ष्मी एकीकडे. कारण लक्ष्मी दखनी बोलत होती. बाजारात भाजीवाली बोलते तशी, रिक्षावाला बोलतो तशी, 'नक्को' आणि 'हौ' वाली. या दखनीतला 'नक्को' मुळात आपल्याच 'नको'चा भाऊ. शतकानुशतकं या मातीत दोन भाषा एकमेकींच्या घरी जेवत आल्या, आणि पडद्यावर मात्र कायम लखनौ. आत्या म्हणाली, "शबाना शेवटी जमीनदाराच्या नावानं टाहो फोडते ना, तेव्हा मला वाटलं आपल्या वाड्यामागची बाई ओरडतेय." आबा बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी एकटेच जाऊन 'अंकुर' बघून आले.

१९८२ला 'बाजार' आला तेव्हा मी दहा वर्षांचा. सागर सरहदींचा चित्रपट, खय्यामांचं संगीत. त्यातली भूपिंदरनी गायलेली गझल बशर नवाजांची आहे, आणि बशर नवाज आमच्या शहराचे. चाचांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगितलं. कुणी घड्याळ घ्यायला आलं की आधी गझल, मग घड्याळ. मला मात्र त्यातली स्मिता पाटील आठवते. ती रडत नाही, ओठ घट्ट धरते, आणि एका मुलीच्या आयुष्याची किंमत आपल्याच हातून ठरली हे तिला कळत जातं. शब्द फार थोडे. आबांच्या कसोटीवर हा अभिनय बसायला नको होता. पण ते म्हणाले, "ती गप्प बसलेली ऐकू येते."

नंतर काचबिंदूनं आबांचे डोळे जात गेले. २००५ साली 'कायद्याचं बोला' लागला. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, म्हणजे आमच्याच शहरात 'जिगीषा' उभी करणाऱ्या मंडळींतले. मुख्य भूमिकेत मकरंद अनासपुरे. मी दोघांना घेऊन गेलो. आबा अठ्ठ्याहत्तरचे, चाचा त्याच वयाचे, काठी एकाच्या हातात आणि खांदा दुसऱ्याचा. मराठी सिनेमातला गावरान माणूस इतकी वर्षं बहुतेक कोल्हापूरकडचं बोलत आला. स्टुडिओ तिथे होते, लेखक तिकडचे होते. मराठवाड्याची बोली अशी, नायकाच्या तोंडी, कोर्टात उभं राहून वाद घालताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि शेजारी आबांचं अंग हलत होतं. त्यांना पडद्यावर नुसता उजेड दिसत असेल, पण हसू मात्र प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी येत होतं. वाक्य संपायच्या आत त्यांना ते कुठे जाणार हे कळत होतं, कारण त्या चालीवरच ते वाढले होते.

सिनेमा सुटला. लोक गेले. दिवे लागले तरी हे दोघे उठेनात.

"ये पोट्टा तो अपने तरफ का है," चाचा म्हणाले.

"आपल्याकडचा म्हणजे कुठला? बीडचा बोलतोय."

"बीड? परभणी का है. ज़रा सुन के देख."

"परभणीवाला असं ओढत नाही."

डोअरकीपर हातातली बॅटरी विझवून दारात थांबला होता. मी त्याला हातानंच खूण केली, दोन मिनिटं. तो दोन खुर्च्या सोडून बसला आणि ऐकू लागला.