सर्पगंधेची साक्ष



‘आयुर्वेद शतकानुशतके टिकला, आणखी पुरावा कशाला?’ असे विचारणारे आणि ‘झाडपाल्यात काय ठेवले आहे?’ म्हणून हसणारे, असे दोन्ही पक्ष आपल्या परिचयाचे आहेत. या दोघांपुढे मी आज सर्पगंधेचा इतिहास ठेवू इच्छितो.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंश यांवर परंपरेने दिली जाई. यांतील कोणता दावा खरा, हे केवळ परंपरेच्या आधारे ठरविता येत नव्हते. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यात नोंदविले की, ही मुळी उन्मादाबरोबर रक्तदाबही उतरविते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी केली आणि एकास हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी रेसर्पिन वेगळे केल्याचे जाहीर केले.

परंतु रक्तदाब उतरल्याने रोगी वाचतो काय, हा प्रश्न उरलाच होता. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेली एक चाचणी १९६७ साली प्रसिद्ध झाली. तीत रक्तदाब फार वाढलेले १४३ पुरुष होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकास रेसर्पिनसह तीन औषधे दिली, तर दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या निरौषधी गोळ्या. कोणास काय मिळते, हे रोग्यास ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांसही नव्हते. निरौषधी गटातील चौघे दगावले. औषधाच्या गटातील एकही नाही. अर्थात हे श्रेय तिन्ही औषधांचे मिळून होते, एकट्या रेसर्पिनचे नव्हे.

पुराव्याने या औषधाची दुसरी बाजूही लपविली नाही. मोठ्या मात्रेने काही रोगी खिन्नतेत बुडाल्याच्या नोंदी १९५० च्या दशकातच झाल्या. अलीकडच्या फेरतपासणीत त्या संबंधाचा पुरावाही अपुरा आढळला. म्हणजे आक्षेपालाही परीक्षा चुकली नाही. सर्पदंशावर मात्र प्रतिविष हाच सिद्ध उपाय आहे. मुळीच्या भरवशावर घालविलेला वेळ प्राणावर बेततो.

मित्रहो, एकाच मुळीविषयीच्या तीन दाव्यांचा निवाडा असा वेगवेगळा झाला. म्हणूनच ‘आयुर्वेद खरा की खोटा?’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. कोणते औषध, कोणत्या रोगावर, किती मात्रेत आणि कशाच्या तुलनेत, हे विचारावे. आपल्या गुरुजनांनी या शाळेत आपल्याला उत्तराआधी रीत दाखवायला शिकविले. औषधाकडूनही आपण तेवढेच मागावे.