कोंबडीचे पीस : ओळख आणि इतिहास

पाळीव कोंबडीचे पीस ओळखताना रंगावर भिस्त ठेवता येत नाही. बीदरजवळच्या मैलूरला असो की भालकी-औरादच्या वाड्यावस्त्यांवर, गावठी कोंबड्या तांबूस, काळ्या, करड्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या अशा सगळ्या रंगांत दिसतात. रानपक्ष्यांच्या प्रत्येक जातीचा रंग बहुधा ठरलेला असतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या कोंबडीचा तो राहिला नाही. पट्टेदार कोंबडीचे पीस त्यामुळे शिक्र्याचे म्हणून सहज खपते.

खरी ओळख पिसाच्या घडणीत असते. कोंबडीच्या अंगावरचे पीस उलटे करून पाहिले, की मुख्य दांड्याच्या बुडाशी दुसरे लहान, मऊ, भुरभुरीत पीस फुटलेले दिसते. कबुतराच्या पिसाला ते जवळजवळ नसते. खालचा बराच भाग लवदार आणि टोकाकडचा थोडासाच घट्ट विणीचा, ही दुसरी खूण. पंखातले पीस आडवे धरले तर त्याला चांगला बाक दिसतो. जमिनीवर चरायचे आणि धोका दिसताच धडपडत उडायचे, अशा आखूड, गोल पंखाला तो शोभतो. कोंबड्याच्या मानेवरची व पाठीवरची पिसे लांब, टोकदार, चकचकीत आणि कडेला सुटी असतात, कोंबडीची गोलसर. हा फरक संप्रेरकांचा आहे. अंडाशय निकामी झालेल्या कोंबडीला पुढच्या पीसगळीनंतर कोंबड्यासारखी पिसे येऊ शकतात.

या भागात कोंबड्याकडे बारकाईने पाहण्याची परंपरा जुनी आहे. बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये कोंबड्यांच्या झुंजीला आणि ससाण्याच्या शिकारीलाही स्वतंत्र जागा दिली आहे. झुंजीचा कोंबडा निवडणाऱ्याला पक्ष्याची पारख असावीच लागे.

पाळीव आणि रानटी यांचा वाद युरोपीय अभ्यासकांनी नंतर उभा केला. फ्रेंच निसर्गअभ्यासक प्येर सोनेरा यांनी १७८२च्या प्रवासग्रंथात दक्षिण भारतातल्या करड्या रानकोंबड्याचे वर्णन केले आणि पाळीव कोंबडीचा पूर्वज म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले. १८६८ मध्ये डार्विन यांनी मात्र लाल रानकोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. तो मुख्यतः बरोबर होता, पण पुरा नव्हता. अनेक पाळीव जातींच्या पिवळ्या कातडीचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये सिद्ध झाले, आणि दक्षिणेच्या या रानपक्ष्याला वंशावळीत त्याची रास्त जागा मिळाली.

करड्या नराच्या मानेचे पीस मात्र कोणी चुकू नये असे आहे. दांडा टोकाजवळ चपटा होऊन पांढरट-पिवळा, लाखेच्या थेंबासारखा तकतकीत ठिपका तयार होतो. मासेमारीच्या गळाला बांधायच्या कृत्रिम माश्यांसाठी इंग्लंडमध्ये या पिसांना मोठी मागणी होती, आणि तिच्यापायी हे पक्षी बेसुमार मारले गेले. १९०२ मध्ये ब्रिटिश सरकारने पक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठवण्यावर बंदी घातली. पाळीव पक्ष्यांची पिसे त्यातून वगळली. बीदर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण बंदरे ब्रिटिशांच्या हातात होती. ‘हे पीस पाळीव पक्ष्याचे की रानातल्या?’ हा आता जकातीच्या नाक्यावरचा प्रश्न झाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला आणखी वजन आले.

दरम्यान पाळीव पिसेही बदलली. ब्रॉयलरबरोबर पांढऱ्या पिसांचे ढीग आले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेल्या ‘गिरिराज’ जातीमुळे परसात रंगीत पिसे टिकली, पण रंगावरून जात सांगणे त्यामुळे सोपे झाले नाही.

पिसाची ओळख विमानांच्या बाबतीतही कामी येते, आणि बीदरला हवाई दलाचा तळ आहे. उडत्या विमानाला पक्षी धडकला, की हाती बहुधा पिसाचा तुकडाच लागतो. १९६० मध्ये बॉस्टनला पक्षी धडकून झालेल्या विमान अपघातात ६२ जण गेल्यावर पक्षीतज्ज्ञ रॉक्सी लेबोर्न यांनी अमेरिकेत अशा तुकड्यांवरून पक्षी ओळखण्याचे शास्त्र घडवले. सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीवर्गाच्या मऊ तंतूंवर कड्यांसारख्या गाठी दिसतात. बदकाच्या तंतूंवर त्या त्रिकोणी असतात. कोंबडी, तित्तिर आणि मोर यांच्या गाठींची ठेवण मात्र सारखीच, म्हणून अशा वेळी डीएनए तपासावा लागतो. पाळीव कोंबडी आणि लाल रानकोंबडा यांच्यात तर तोही जपूनच वाचावा लागतो, कारण गावाजवळच्या रानात दोघांचा संकर होत आला आहे.